वाडीतली शाळा ठेवायची की गाडी मागायची? पोरांना कोणी विचारलंय का?

वाडीवरचा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण डोकं तापलंय.

राजापूर तालुक्यात आमची वाडी, गावाच्या मुख्य वस्तीपासून घाटी उतरून खाली. वाडीत जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट नऊ. यंदा पहिलीत एकच पोरगं आलं आणि ते पण अंगणवाडीच्या ताईंनी त्याच्या आईला समजावलं म्हणून, नायतर ते पण इंग्लिश मिडियमच्या पिवळ्या गाडीत बसलं असतं. आता कानावर येतंय की शाळा केंद्रशाळेला जोडायची. केंद्रशाळा साडेचार किलोमीटर, मधे वहाळ, वहाळावर साकव, पावसात त्या साकवाची काय हालत असते ते कोकणातल्यांना सांगायला नको.

यावर मिटिंग झाली. सरपंच बोलले, केंद्रप्रमुख बोलले, मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांच्या मुंबई मंडळाचे दोन पदाधिकारी रात्रीची गाडी पकडून खास आले होते ते तर तासभर बोलले. पोरांच्या आया मागे भिंतीला टेकून बसलेल्या. पोरं बाहेर अंगणात. आणि आम्ही वीस-पंचविशीतले, ज्यांचा शिमग्यात पालखी नाचवायला आणि गणपतीत मंडप घालायला उपयोग होतो, आम्ही तोंड उघडलं तर एक काका म्हणाले तुम्हाला पोरं झाली की मग बोला.

म्हणून आम्ही चारपाच जणांनी रविवारी शाळेच्या पडवीत सगळ्यांना बसवलं. आत्ता शिकतायत ती पोरं, आणि याच शाळेतून बाहेर पडून आता हायस्कूल, आयटीआय, अकरावी-बारावी करतायत ती पण. एकच विचारलं, तुला शाळा कशी पायजे सांग.

मला वाटलेलं कॉम्प्युटर, झोपाळा असलं कायतरी सांगतील. तिसरीतला एक म्हणाला "मला अजून एक तिसरीतला पायजे." बस, एवढंच. पाचवीतली म्हणाली बाई मोबाईलवर माहिती भरत बसतात तेव्हा आम्ही काय करायचं ते आधी सांगून ठेवा, रोज शुद्धलेखन नको. अकरावीतली मुलगी म्हणाली माझ्या बरोबरच्या तिघी आठवीला गेल्या आणि दोघी नववीत थांबल्या, अभ्यासात कच्च्या होत्या म्हणून नाही, शेवटची एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून खाली उतरेपर्यंत काळोख होतो, घरातले म्हणाले बस झालं. आयटीआयवाला म्हणाला शाळा बंद करा नायतर चालू ठेवा, मला आठवीत साधा स्विचबोर्ड उघडून दाखवला असता तर मी दोन वर्षं आधी शहाणा झालो असतो.

तर प्रश्न असा की शाळा वाचवा म्हणणारे आणि शाळा जोडा म्हणणारे दोन्ही बाजूचे लोक ज्यांच्यासाठी भांडतायत त्यांना कोणी विचारतंय का? तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. नुसतं +१ नको.

हिशोबनीस

धागा चांगला आहे, पण कडू बोलतो, राग मानू नका. नऊ मुलं, पाच इयत्ता, दोन शिक्षक (असतील तर). म्हणजे एका इयत्तेत दोन मुलं पण नाहीत. यात कुठलं शिक्षण होतं? आणि हा फक्त तुमच्या वाडीचा प्रश्न नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय की २०१६-१७ मधे देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती आणि एकशिक्षकी शाळा १ लाख ८ हजारांवर होत्या. इतक्या शाळांना लायब्ररी, लॅब, खेळाचा शिक्षक कुठलं सरकार देणार आहे? त्यापेक्षा दहा वाड्यांची एक धड शाळा करा, तिला सगळं द्या. गावात शाळा पाहिजे हे ठीक, पण शाळा गावासाठी की मुलांसाठी?

खडूफळा

मी जि.प. शिक्षक, मूळ लातूरकडचा, नोकरी कोकणात, बदलीच्या यादीत नाव कधी येतंय बघत बसलेला. पण म्हणून लेकरांना शिकवत नाही असं नाही बरं का.

हिशोबनीस, तुम्ही म्हणताय तो कागद मी बी वाचलाय. त्याच धोरणात पुढं शाळासंकुल सांगितलंय, म्हणजे एक माध्यमिक शाळा आणि आसपास पाच-दहा किलोमीटरमधल्या सगळ्या शाळा, अंगणवाड्या धरून, मिळून एक गट करायचा आणि शिक्षक, साहित्य वाटून वापरायचं. कल्पना कोठारी आयोगाची, १९६४-६६ मधली. वाटून वापरायचं असं आहे, कुलूप लावायचं असं नाही. पण खाली येईपर्यंत त्याचं "समूह शाळा" झालं, म्हणजे कमी पटाच्या शाळा मिळून एकच मोठी शाळा. सप्टेंबर २०२३ मधे आयुक्तालयाचं पत्र आलं, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचे प्रस्ताव द्या, पानशेत आणि तोरणमाळचा दाखला दिला होता. मोठी बोंब झाली म्हणून जरा थंडावलं. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा जीआर. त्याच्यात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच मिळत नाही अशी पाळी आली. शाळा बंद केली असं कुणी म्हणत नाही. शिक्षक नसला की पालक आपणच दाखला काढून नेतो, पुढच्या वर्षी पट अजून कमी, मग शून्य पटाची शाळा म्हणून आपोआप बंद. बंद कुणी केली? कुणीच नाही.

आता माझा दिवस ऐका. एक खोली, एक फळा. खडूनं उभ्या दोन रेघा मारून तीन भाग करतो. डावीकडं पहिली-दुसरीची अक्षरं, मधे तिसरीचा हातच्याचा गुणाकार, उजवीकडं चौथी-पाचवीचा परिसर अभ्यास. पहिलीवाल्याला चिंचोके मोजायला देऊन तिसरीकडं वळलो की तो चिंचोके खिशात घालून बाहेर. पाचवीची पोरगी त्याला पकडून आणते आणि त्याच्याकडून मोजून घेते, खरं सांगू का, माझ्यापेक्षा बरं घेते. ह्या सगळ्यात फोन येतो, सर आजची आहाराची माहिती भरली नाही. मग ती भरा, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरा, आधार जुळत नाही ते बघा, आणि निवडणूक आली की बीएलओ मीच. धागाकर्त्याच्या त्या पाचवीतल्या मुलीला माझा नमस्कार सांगा, तिनं आमच्या खात्याचं वर्म बरोबर ओळखलंय.

रानजाई

मी १९ वर्षांची, नर्सिंग करते. अशाच शाळेत शिकले आणि मला जे वाटतं ते गावात बोलले तर मार खाईन म्हणून इथे बोलते.

माझ्या चौथीत मी एकटीच होते. पहिला नंबर माझा, शेवटचा पण माझाच. स्नेहसंमेलन नाही, कबड्डी नाही कारण दोन टीमच होत नाहीत, लंगडी खेळायला पण पहिलीतली बारकी पोरं आणि त्यांना लागलं की ओरडा मला. बाई खूप चांगल्या होत्या, अजून फोन करतात, पाढे तीसपर्यंत पाठ आहेत ते त्यांच्यामुळे. पण पाचवीला हायस्कूलला गेले आणि पन्नास मुलं एका वर्गात बघून मला बोलताच येईना. वर्षभर मी मागच्या बाकावर गप्प बसले, सरांना वाटलं पोरगी ढ आहे.

त्यामुळे "शाळा गेली की वाडी गेली" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. वाडीची शोभा म्हणून मुलांनी एकेकटं शिकायचं का? तिसरीतला तो मुलगा काय म्हणाला ते नीट ऐका. त्याला इमारत नकोय, सोबती हवाय.

लोअरपरळकर

मुंबई मंडळाचे पदाधिकारी तासभर बोलले असा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी त्यातला नव्हे, पण दुसऱ्या गावच्या मंडळाचा चिटणीस आहे, मुद्दा तोच.

तरुण मित्रांनो, शाळेचे कौल कोणी बदलले? मंडळाने. संरक्षक भिंत कोणी बांधली? मंडळाने, गिरणीत रात्रपाळी केलेल्या माणसांच्या वर्गणीतून. आमच्या पिढीने त्या शाळेत दप्तराऐवजी पिशवी नेली. शाळा हा गावाचा मान आहे. तिथेच मतदान होते, तिथेच लसीकरण, पूर आला तर माणसे तिथेच राहतात. एकदा कुलूप लागले की वर्षभरात छप्पर बसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या मंडळाने मागच्या वर्षी प्रोजेक्टर दिला, पटसंख्या वाढावी म्हणून इंग्रजी संभाषणाचा वर्गही सुरू करणार आहोत. तेव्हा मुंबईकर फक्त भाषण करायला येतात हा सूर बरा नव्हे.

वाडीवरचा

काका, मंडळाचे उपकार नाय विसरलो. पण तुमच्यासारख्याच एका मंडळाने आमच्या शाळेला पण प्रोजेक्टर दिलाय, तो कपाटात टॉवेलमधे गुंडाळलेला आहे, कारण बिल भरलं नाय म्हणून मीटर काढून नेलेला. बाईंनी स्वतःच्या पगारातून दोनदा बिल भरलं. त्याच वर्षी देवळाच्या सभामंडपाला ग्रॅनाईट बसलं. मी देवळाच्या विरोधात नाय, पालखी खांद्यावर घेणारा माणूस आहे मी, पण शाळेला काय पायजे ते शाळेला विचारलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या आधी बिल भरा.

आणि रानजाई, तुझं वाचून गप्प झालो. आमच्या ग्रुपवर टाकलं तुझं, दोघी जणींनी लगेच लिहिलं आमचं पण असंच झालं. हे आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं.

फडातला

मी बीड जिल्ह्यातला, मायबाप ऊसतोडीला जायचे. तुमच्याकडं शाळा लांब जातीय, आमच्याकडं लेकरूच शाळेपासून लांब जातं, एवढाच फरक.

दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, बिऱ्हाड भरायचं, कारखान्यावर जायचं, परत यायचं ते उन्हाळ्यात. लेकरू संगं नेलं तर ते कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळतं नाहीतर उसाचं वाढं गोळा करतं. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा असायच्या. मग गावातच हंगामी वसतिगृह आलं, म्हणजे मायबाप गेले तरी लेकरू गावात आजीपाशी राहील आणि शाळेत त्याच्या दोन्ही टायमाच्या जेवणाची सोय. मी तसाच शिकलो. पण कागदावर वसतिगृह चालू व्हायला उशीर झाला की ट्रॅक्टर थांबत नसतो बाप्पा. तो गेला की लेकरू गेलं. आमच्या वर्गातले निम्मे असेच गेले, आज त्यांचा स्वतःचा कोयता आहे, विशीत.

मला हे म्हणायचंय की शिक्षणाचं भविष्य काय ह्याच्यावर पुण्यात हॉलमधी चर्चा होतात, एआय आन् कोडिंग आन् काय काय. आमचं भविष्य ट्रॅक्टरच्या तारखेवर ठरायचं. वसतिगृह ट्रॅक्टरच्या आधी चालू करा एवढी एकच गोष्ट जर कुणी आम्हाला विचारली असती ना तर अख्ख्या वर्गानं एका सुरात सांगितली असती.

निखळटेक

सगळं वाचलं. पण पुढच्या पाच वर्षांत एआय ट्यूटर मराठीत येतील, प्रत्येक मुलाला पर्सनल टीचर, मग ही शाळा कुठे हवी ह्याचा वादच संपतो ना? मला वाटतं आपण कालच्या प्रश्नावर भांडतोय.

खडूफळा

@निखळटेक, या एकदा. रेंजसाठी मी आहाराची माहिती भरायला घाटी चढून वर जातो. लॉकडाऊनमधे ऑनलाईन शिक्षण काय असतं ते बघितलंय आम्ही, घरात एक फोन, तो बापाच्या खिशात आणि बाप कामावर. पहिलीत असताना ज्यांनी शाळाच बघितली नाही ती लेकरं थेट तिसरीत येऊन बसली, पेन्सिल कशी धरायची इथून सुरुवात.

यंत्राला माझा विरोध नाही. ते माझी माहिती भरण्याची कामं करणार असेल तर उद्या आणा, हार घालून आणतो.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे हा सिनेमा आधीच लागून गेला. जवळपास प्रत्येक वाड्यावर सरकारी प्राथमिक शाळा होती, बहुतेक मराठी. २०११ च्या सुमारास सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, केवढं आंदोलन झालं, भाषेवर रान पेटलं. पण भाषेइतकंच, मला तर वाटतं भाषेपेक्षा जास्त, काम केलं ते बालरथाने. अनुदानित शाळांना सरकारने बालरथ बस दिल्या. आता विचार करा, पावसात छत्री घेऊन चिखलातून सरकारी शाळेत सोडायचं की दारात बस येते तिच्यात बसवायचं? आई काय करणार? आमच्या वाड्यावरची शाळा अशी रिकामी झाली. मास्तर शेवटपर्यंत होते, एक मुलगा होता, तो आजारी पडला की शाळेला सुट्टी.

भाषेसाठी मोर्चा निघतो, बससाठी निघत नाही. तुमच्याकडे पण २०२५ मधे पहिलीपासूनच्या हिंदीच्या जीआरवर केवढं झालं आणि २९ जूनला सरकारला दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले, झालं ते चांगलंच झालं, पण ज्या मराठी शाळांत ती मराठी शिकवायची त्यांचे पट खाली जात होते तेव्हा कितीजण रस्त्यावर होते?

ओहायोतलीआत्या

गोव्याच्या प्रतिसादाला भरभरून +१ (धागाकर्त्याने नको म्हटलं तरी).

इथल्या इतिहासात हेच आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एकशिक्षकी, एकखोली शाळा लाखावर होत्या, खेडोपाडी. त्या गेल्या आणि मोठ्या एकत्र शाळा झाल्या, पण बरोबरीने पिवळी स्कूल बस आली आणि ती सरकारी खर्चाने आली. माझा मुलगा रोज ज्या बसने जातो तिच्यासाठी मी वेगळा पैसा भरत नाही, बर्फ पडला तर सकाळी मेसेज येतो, बस थांबली की तिचा लाल पाटा बाहेर येतो आणि मागची गाडी थांबलीच पाहिजे, नाहीतर दंड. म्हणजे आधी गाडी आणि मग शाळा जोडणं. आपल्याकडे शाळा आधी जोडतात आणि गाडीचं बघू म्हणतात. (इकडे सगळं छान आहे असं नाही हां, लहान गावातली शाळा गेली की गाव कसं सुनं होतं ते इथेही लोक बोलतात. माझ्या शेजारच्या आज्जीबाई अजून त्यांच्या बंद झालेल्या हायस्कूलचा टीशर्ट घालतात.)

हिशोबनीस

ठीक आहे, मग गाडीचाच हिशोब करू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून लांबच्या मुलांना वाहतूक भत्ता आहे ना? वर्षाला मुलामागे सहा हजारांपर्यंत. नऊ मुलांचे चोपन्न हजार. दोन शिक्षकांच्या पगारापुढे हे काहीच नाही. सरकारचे पण पैसे वाचतात, मुलांना पण मोठी शाळा मिळते. यात अडचण काय?

वाडीवरचा

अडचण सांगतो. शेजारच्या वाडीची शाळा आधीच जोडली आहे, तिथल्या पालकांना विचारून आलो. भत्ता येतो पण शैक्षणिक वर्ष संपत आल्यावर, आईच्या खात्यात, आणि खातं आधारला जोडलेलं नसलं तर तो पण लटकतो. रिक्षावाला मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला पोरामागे हजार मागतो. मोलमजुरी करणारी बाई दहा महिने हजार-हजार कुठून आणणार आणि कुठल्या भरवशावर? मग पोरगं चालत जातं. जून ते सप्टेंबर चालत पण जात नाय. हजेरी मात्र लागते, कारण पट टिकवायचाय ना.

अजून एक. शाळा गेली की शाळेत खिचडी शिजवणारी काकी पण गेली. महिना अडीच हजार मानधन, तेवढ्यावर तिचं गॅस-मीठमिरची चालतं. पूर्ण हिशोब करायचा तर ते पण लिहा. आणि पोरगं घरापासून दोन मिनिटांवर आहे म्हणून त्याची आई काजूच्या कारखान्यात जाऊ शकते, ते कुठल्या रकान्यात टाकणार?

रानजाई

मग मधला मार्ग का नाही? खडूफळा सरांनी शाळासंकुलाचं सांगितलं तेच. शाळा वाडीतच राहू दे, पण आठवड्यातून दोन दिवस चार-पाच वाड्यांची सगळी पोरं एका शाळेत. त्या दोन दिवसांत कबड्डी, गाणी, प्रयोग, नाटक, जे एकट्याने होत नाही ते सगळं. गाडी दोनच दिवस लागेल, परवडेल. त्या तिसरीतल्याला पाचसहा तिसरीतले भेटतील.

मला असं मिळालं असतं तर पाचवीत मी मुकी झाले नसते.

खडूफळा

ताई, हे आम्ही करतो. सरकारी पत्र न काढता. शेजारच्या शाळेचे गुरुजी माझे मित्र आहेत, शनिवारी त्यांची लेकरं आमच्याकडं, पुढच्या शनिवारी आमची तिकडं. केंद्रप्रमुखांना माहीत आहे, ते "मला माहीत नाही" म्हणतात, चांगला माणूस आहे.

आणि पट कमी म्हणजे शाळा मेली असं पण नसतं. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जि.प. शाळा बघा, वारे गुरुजी तिथं गेले तेव्हा बोटावर मोजण्याइतकी मुलं होती. गावानं हातभार लावला, मोठी मुलं लहानांना शिकवतात अशी विषयमित्र पद्धत बसवली, आणि २०२५ मधे जगातल्या सर्वोत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारात लोकपसंतीचा पुरस्कार तिला मिळाला. एक खोली-पाच इयत्ता ही अडचणच म्हणून बघायची असं नाही, त्याचा उपयोग पण करता येतो. मात्र दरवेळी एक वारे गुरुजी सापडेल ह्या भरवशावर राज्य चालवता येत नाही. शिक्षणसेवकाला महिना सोळा हजार देता, ते पण २०२३ पासून, आधी सहा हजार होते. सोळा हजारात घर सोडून कोकणात भाड्यानं राहून जालिंदरनगर करून दाखव म्हणणं सोपं आहे.

कोसबाडची_आठवण

वयाने तुम्हा सर्वांहून मोठी आहे, शिक्षिका होते, थोडंसंच लिहिते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर काम केलं तेव्हा वारल्यांची मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. तर त्यांनी मुलांना बोल लावला नाही, शाळाच उचलून कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत आणि झाडाखाली मुलं शिकतायत. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं म्हणून मोठी मुलगी येत नाही, तर तिने त्याला घेऊनच यावं म्हणून अंगणवाडी, पाळणाघर शेजारी. मूल का येत नाही हे त्या मुलाच्या दारात जाऊन पाहिलं की उत्तर तिथेच असतं. तुम्ही रविवारी पडवीत बसून जे केलंत ते त्याच जातीचं आहे. चालू ठेवा, बाळांनो.

अवांतर: शुद्धलेखन रोज नको म्हणणाऱ्या त्या मुलीला सांगा, आठवड्यातून एकदा मात्र हवं.

लोअरपरळकर

प्रोजेक्टरचा प्रतिसाद वाचून आमच्या शाळेतल्या बाईंना फोन केला. तो आमच्याकडेही बंदच आहे. असो. पण एक शंका. लहान मुलांना ग्रामसभेत बसवून काय साधणार? त्यांना धोरण कळते का? आणि वीस वर्षांचे तरुण उद्या नोकरीला मुंबई-पुण्यात जातील, मागे राहणार कोण, त्याने ठरवावे.

वाडीवरचा

काका, मागे राहणाऱ्याने ठरवावं हे तुम्ही लोअर परळमधून सांगताय. हलकं घ्या.

धोरण नाय कळत पोरांना, पण शाळा कळते. आणि कायद्यात पण आहे की, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक पायजेत आणि निम्म्या बायका. केंद्राच्या नमुना नियमांत तर उरलेल्यांमधे शाळेतल्या मुलांना घ्यायची पण सोय आहे. आमच्या समितीत कागदावर बायका निम्म्या आहेत, रजिस्टर घरी पाठवून सह्या घेतात. पहिलीच्या पोराच्या आईला ती समितीची सदस्य आहे हे आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. तिने लगेच विचारलं, मग मला मिटिंगला बोलवलं का नाय? आता पुढच्या मिटिंगला ती पुढच्या रांगेत बसणार आहे, तिने स्वतः सांगितलंय.

फडातला

ह्याला म्हणतात काम. भावा, ठराव करा मात्र. तोंडी बोलणं हवेत जातं.

वाडीवरचा

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा ठरलंय. आया आणि आम्ही मिळून लिहिलाय, भाषा सुधारायची आहे पण मजकूर साधारण असा: पहिली ते पाचवीची शाळा वाडीतच राहावी, कारण शिक्षणहक्क कायद्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पायजे. आठवड्यातले दोन दिवस शेजारच्या चार वाड्यांच्या शाळा एकत्र भराव्यात आणि त्या दोन दिवसांची गाडी पंचायतीने करावी. सहावीपासून पुढच्या पोरांसाठी संध्याकाळची एसटी फाट्यावर न सोडता खाली वाडीपर्यंत यावी. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण गाडीच येत नसेल तर पास काय करायचा, हे वाक्य अकरावीतल्या मुलीने घातलंय आणि ते काढायचं नाय असा तिचा हट्ट आहे. शाळेचं लाईटबिल ग्रामपंचायतीने भरावं. आणि शाळेबद्दल कुठलाही निर्णय होण्याआधी शाळेत येऊन पोरांशी आणि आयांशी बोलल्याचं इतिवृत्त जोडावं.

हिशोबनीस

दोन दिवसांच्या गाडीला माझी हरकत नाही, उलट हा आकडा कोणालाही पटवता येईल. पण ठरावात रक्कम लिहा. "गाडी करावी" म्हटलं की कोणी करत नाही. चार वाड्यांत मिळून किती मुलं, किती फेऱ्या, डिझेल किती, सगळं लिहा, हवं तर मी तक्ता करून देतो. आणि ती दर महिन्याला थेट गाडीवाल्याला मिळावी असं लिहा, पालकाच्या खात्यातून फिरवू नका. माझं मूळ मत बदललेलं नाही, तीन वर्षांनी पट चारवर आला तर काय हे उत्तर तुमच्या ठरावात नाही.

वाडीवरचा

तक्ता पायजेच, व्यनि (खाजगी निरोप) करतो. पट चारवर आला तर काय, हे आम्ही पण बोललो. तेव्हा परत पोरांनाच विचारू, त्यातली चार तरी असतील ना.

खडूफळा

ठरावाची नक्कल ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यानं घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकारी, एक एसटीच्या आगारप्रमुखांकडं, आणि दोन्हीकडं आवक क्रमांक टाकून पोच घ्या. पोच नसली की "आमच्याकडं आलंच नाही" होतं. माझं नाव कुठं येऊ देऊ नका.

लोअरपरळकर

मित्रा, मागच्या रविवारी आमच्या मंडळाच्या बैठकीत तुझा धागा वाचून दाखवला. दोन तास वाद झाला, एकजण उठून गेले. पुढच्या बैठकीत आमच्या गावच्या मुलांना फोनवर घेऊ असे ठरले आहे. तेवढे नेटवर्कचे कसे जमवतात ते सांग.

वाडीवरचा

पोरांना घाटीवर नेऊन बसवायचं काका. चार वाजता न्या, सहानंतर खाली उतरताना बॅटरी लागते.